मरीआईचा गाडा कोणाच्या शिवेवर?

१

साथीच्या रोगाच्या इतिहासात जंतू आणि औषधे यांच्या बरोबरीने माणसाने माणसावर घेतलेले आळही असतात. ज्या समाजात माणसे जन्मानेच वर-खाली मांडलेली आहेत, त्या समाजात हा आळ कुठून निघावयाचा आणि कुठे जाऊन थांबावयाचा हे बरेचसे आधीच ठरलेले असते. कोरोनाच्या साथीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. श्रद्धा, अंधश्रद्धा, अफवा यांवर लेख आले, परिसंवाद झाले. त्यांतील बहुतेकांचा सूर असा, की लोक अडाणी आहेत, त्यांना विज्ञान कळत नाही, म्हणून ते थाळ्या वाजवतात, नवस बोलतात आणि कटाच्या कहाण्यांवर विश्वास ठेवतात. मला हे निदान अपुरे वाटते. शिवाय ते सोयीचेही वाटते. लोकांच्या अडाणीपणावर बोट ठेवले की व्यवस्थेवर बोट ठेवावे लागत नाही.

आपल्या परिचयाच्या एका प्रथेपासून सुरुवात करू. गावात पटकी शिरली की पूर्वी मरीआईचा गाडा निघे. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी, तिच्यापुढे चोळी-बांगड्या, नैवेद्य, लिंबाचा डहाळा. वाजतगाजत हा गाडा गावाच्या शिवेपर्यंत न्यावयाचा आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडून यावयाचे. त्या गावाने तो त्याच्या पुढच्या गावाला पोचवावयाचा. मरीआईचे देऊळ बहुधा महारवाड्याला लागून. तिचा पोतराज महार नाहीतर मांग. गाडा शिवेवर नेणारे हातही बहुतेक ठिकाणी आमचेच. ज्या माणसाचा स्पर्श एरवी विटाळ, त्याच्याच हाताने गावचा रोग गावाबाहेर काढावयाचा, अशी ही योजना होती.

या प्रथेत रोगाविषयीचे एक संपूर्ण मानसशास्त्र आहे. रोगाला कर्ता आहे. त्या कर्त्याला इच्छा आहे. ती इच्छा नैवेद्याने वळवता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रोग आपला नाही; तो उचलून दुसऱ्याच्या हद्दीत ठेवता येतो. गावोगावचे गाडे आता बहुतेक थांबले. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपण जे पाहिले, ते या गाड्याचेच नवे रूप होते असे माझे म्हणणे आहे. म्हणून विचारावयाचा प्रश्न ‘लोक असे कसे मानतात?’ हा नाही. गाडा कोण ढकलतो आणि तो कोणाच्या दारात जाऊन उभा राहतो, हा खरा प्रश्न आहे.

२

प्रथम मनाचा विचार करू. माणसाच्या मनाला अपघात सोसत नाही. घरातले कर्ते माणूस आठ दिवसांत गेले आणि त्यामागे कोणाचाही हेतू नव्हता, हे मान्य करणे फार जड जाते. कोपलेली देवी चालते, करणी करणारी शेजारीण चालते, दूर देशात बसून विष पेरणारा शत्रू चालतो. हेतू नसलेला निसर्ग मात्र चालत नाही. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने ‘द ओपन सोसायटी अँड इट्स एनिमीज’ (१९४५) या ग्रंथात ही गोष्ट नेमकी हेरली आहे. समाजात जे काही वाईट घडते ते कोणा बलाढ्य मंडळींच्या गुप्त मसलतीमुळे घडते, ही कल्पना म्हणजे जुन्या देवकल्पनेचेच लौकिक रूप होय, असे तो म्हणतो. देव सिंहासनावरून उठले. त्यांच्या रिकाम्या जागी दुष्ट माणसे बसवली गेली. म्हणून नवस बोलणारा आणि कटाची कहाणी सांगणारा हे एकमेकांपासून वाटतात तितके दूर नसतात. पुष्कळदा तो एकच माणूस असतो.

दुसरा मुद्दा भीतीचा. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने त्यानंतर उठलेल्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. धक्का तर जाणवला, पण घरे पडली नाहीत अशा भागात अफवा उठल्या होत्या, की याहून भयंकर संकट येत आहे, प्रलय होणार आहे. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली या निबंधाचा अर्थ लावला. लोक आधीच घाबरलेले होते. समोर मात्र घाबरण्याजोगे काही दिसत नव्हते. या विसंगतीतून सुटण्यासाठी भीतीला शोभेल असे कारण त्यांनी निर्माण केले. अफवेमुळे माणूस घाबरतो असे आपण समजतो. पुष्कळदा क्रम उलटा असतो. भीती आधी येते आणि अफवा तिला कारण पुरवते.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद झाला. कारखाने बंद, रेल्वे बंद, नाका बंद. हातावर पोट असलेल्या माणसाला रोग दिसत नव्हता. त्याला दिसत होती पोलिसाची काठी आणि रिकामा डबा. एवढी मोठी भीती आणि डोळ्यांना न दिसणारे कारण, हीच अफवेची जमीन होय.

परंतु मानसशास्त्र आपल्याला येथपर्यंतच आणून सोडते. मनात एक रिकामी जागा असते आणि तेथे कोणाला तरी बसवावे लागते, एवढेच ते सांगते. तेथे कोणाला बसवावयाचे हे समाजरचना ठरवते. युरोपात चौदाव्या शतकात प्लेग आला तेव्हा विहिरींत विष टाकल्याचा आळ ज्यूंवर आला. १३४९ साली स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळून मारण्यात आले. पाणी नासवल्याचा आळ! महाडचा ज्याला अभ्यास आहे त्याला या आळाची ओळख पटावयास हरकत नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर गावात हूल उठवली गेली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. त्या हुलीवर लाठ्या चालल्या, परतणाऱ्या माणसांची डोकी फुटली. मग शेण-गोमूत्र घालून तळे शुद्ध करण्यात आले. तेथे साथ नव्हती, मरणारे कोणी नव्हते. तरीही अफवा, शत्रू, हल्ला आणि शुद्धीकरण हा सारा क्रम जसाच्या तसा घडला. याचा अर्थ असा, की वर्णव्यवस्थेला अफवेसाठी साथीची वाट पाहावी लागत नाही. तिच्या दृष्टीने आपण कायमची साथ आहोत.

३

आता १८९६ च्या प्लेगकडे येऊ, कारण आजच्या प्रश्नाची दोन्ही टोके तेथे स्पष्ट दिसतात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टराने प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. २०२० साली आपल्यावर लावण्यात आला तो हाच, एकशे तेवीस वर्षांचा जुना कायदा. त्याने सरकारला घरात घुसण्याचा, माणूस उचलून नेण्याचा, सामान जाळण्याचा अधिकार दिला.

मुंबईतील कामकऱ्यांत तेव्हा अफवा अशी होती, की इस्पितळात नेलेल्या माणसाला उलटे टांगून त्याच्या देहातून मोमियाईचे तेल काढतात. राणीच्या पुतळ्याला डांबर फासले गेले होते. त्या अपमानाचा सूड म्हणून माणसे मारली जात आहेत, असेही बोलले जाई. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. इंग्रज अधिकाऱ्यांनी याला अडाणीपणा म्हटले. आपणही तसेच म्हणावे काय?

मोमियाईची गोष्ट खोटी होती, यात शंका नाही. तथापि ती सांगणाऱ्या माणसाला एक खरी गोष्ट कळली होती: या राज्यात त्याचा देह हा त्याचा नाही, तो पिळून काढण्याचा माल आहे. गिरणीत चौदा-चौदा तास ज्याचा घाम निघत होता, त्याने इस्पितळात तेल निघते असे मानले, तर त्याने आपल्या अनुभवालाच कथेचे रूप दिले होते. त्याच काळातील दुसरी नोंद याहून बोलकी आहे. मुंबईच्या म्युनिसिपल कमिशनरने प्लेगचे सक्तीचे नियम लवकरच सैल केले. लोकक्षोभाबरोबर त्याला एक मोठे भय होते: हलालखोर, म्हणजे शहराचा मैला वाहणारे भंगी कामगार, घाबरून शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगी राहणार नाही. ज्यांना माणसांत गणले जात नव्हते त्यांच्यावाचून शहर एक आठवडा उभे राहू शकत नव्हते, हे सरकारी कागदाने कबूल केले. व्यवहारात मात्र कबूल केले नाही.

पुण्यात मार्च १८९७ मध्ये रँडच्या हुकमाने गोऱ्या सोजिरांनी घरे तपासण्यास सुरुवात केली. तेथे जो संताप उसळला त्यात दोन धागे आहेत आणि ते वेगळे करावयास हवेत. बायकांची विटंबना झाली, हा एक धागा. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी त्याच वर्षी जाहीर पत्र लिहिले. त्यांची तक्रार माणुसकीची होती. दुसरा धागा सोवळ्याचा. सोजीर स्वयंपाकघरात आला, देवघर बाटले. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली आणि त्या घटनेवर मराठीत पाने भरून लिहिले गेले. पण बाटलेल्या देवघराचा राग आणि विटंबित झालेल्या माणसाचा राग यांत फरक करण्याची गरज आपल्या इतिहासकारांना क्वचितच भासली.

त्याच मार्च महिन्यात, त्याच पुण्याच्या बाहेर, आणखी एक घटना घडली. सावित्रीबाई फुले यांनी आपला मुलगा डॉ. यशवंत याच्याकरवी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यात त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ना त्यांनी देवीला गाडा सोडला, ना इस्पितळात तेल काढतात या बोलण्याला थारा दिला, ना सरकारी बळजबरीची तळी उचलली. लोकांचा इस्पितळावर विश्वास नव्हता, म्हणून विश्वास ठेवता येईल असा दवाखाना त्यांनी उभा केला. अफवेला दिलेले याहून चोख उत्तर मला आपल्या इतिहासात दुसरे आढळत नाही.

४

आता अलीकडे येऊ. साथीच्या काळातील सर्व संशय एकाच मापाने मोजणे ही मोठी चूक आहे. संशयाचे तीन प्रकार मला दिसतात. वरून खाली घेतलेला आळ, खालून वर पाहणारा अविश्वास, आणि गरिबाने गरिबावर आडवा घेतलेला संशय.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे मार्च-एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजवरून उठवलेला गदारोळ. त्या दिवसांत गर्दी अनेकांनी केली होती. परंतु एकाच धर्माच्या लोकांनी ‘मुद्दाम’ रोग पसरवला, अशी कहाणी रात्रंदिवस दूरचित्रवाणीवर सांगितली गेली. त्याचा परिणाम गल्लीत दिसला: मुसलमान भाजीवाल्याला दारातून हाकलले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि संकटाच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधते, तसे येथे झाल्याची शक्यता दिसते, असा शेरा मारला. गाडा शिवेवर पोचला होता. न्यायालयाने तो कोणी ढकलला याकडे बोट दाखवले. पण तोवर सहा महिने उलटत आले होते. आळ वेगाने जातो, खुलासा पायी येतो.

याच प्रकारात एक सभ्य दिसणारा दावा बसतो आणि तो आपल्याशी थेट संबंधित आहे. लोकांना अंतर राखावयास सांगितले जाताच काही मंडळींना सोवळ्या-ओवळ्याचा पुळका आला. आमचे पूर्वज किती शास्त्रीय होते, न शिवणे म्हणजे आरोग्यशास्त्रच होते, असे संदेश फिरू लागले. या दाव्याचा समाचार घेतलाच पाहिजे. संसर्गाचा नियम सर्वांना सारखा असतो. रोगी ब्राह्मण असेल तर ब्राह्मणापासून अंतर ठेवावयाचे. चौदा दिवसांनी तो बरा झाला की जवळ बसावयाचे. विटाळाला चौदा दिवसांची मुदत नसते. तो जन्मापासून सरणापर्यंत चालतो आणि मुलाला वारशाने जातो. आरोग्यशास्त्रात ज्याला घाणीचा धोका अधिक त्याला संरक्षण अधिक द्यावयाचे असते. अस्पृश्यतेत धोका त्याच्या डोक्यावर लादून पुन्हा त्यालाच धोका ठरवले जाते. आणि १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले, की प्लेग उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो. पिसू वेशीजवळ येऊन जात विचारीत नाही. शेकडो वर्षे पाळलेल्या शिवाशिवीने ना पटकी थांबली, ना देवी, ना प्लेग. महाडचे तळे ज्या गोमूत्राने शुद्ध करून घेतले, त्याच गोमूत्राच्या प्राशनाचा जाहीर कार्यक्रम १४ मार्च २०२० रोजी दिल्लीत कोरोनावरचा उपाय म्हणून झाला. औषध आणि बहिष्कार एकाच भांड्यात ठेवणारी ही परंपरा आहे.

तिसरा, आडवा संशय सर्वांत दुःखद आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, एवढ्या मोबाइलवरच्या निरोपावर हे घडले. साथ यावयाच्या आधीची ही घटना. साथीत, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे त्याच जातीच्या अफवेने दोन साधू आणि त्यांचा गाडीवान यांचा बळी घेतला. मारणारे गरीब, आदिवासी पाड्यांतले. मरणारे वाट चुकलेले, परके. या घटनेवर लगेच दुसरी कहाणी चढवली गेली: हा एका धर्माने दुसऱ्या धर्माविरुद्ध केलेला कट आहे. अटक झालेल्यांत त्या धर्माचा एकही माणूस नाही, असे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर सांगावे लागले. खालच्यांनी आडवा घेतलेला संशय वरच्यांनी उचलून पुन्हा खाली फेकावा, असे हे यंत्र आहे. भटक्या-विमुक्तांच्या चळवळीने आणि आपल्या चळवळीने यावर एकत्र बसून बोलावयास हवे होते. ते फारसे झाले नाही.

५

राहिला खालून वर पाहणारा अविश्वास. येथे प्रामाणिकपणे बोलावयास हवे, कारण हा प्रकार आपल्या घरातला आहे. २०२१ साली लस आली तेव्हा आपल्या वस्त्यांतही कुजबूज होती: लस घेतली की मूल होत नाही, गरिबांची संख्या कमी करावयाची आहे, रोग वगैरे काही नाही, आपले मोर्चे बंद करण्यासाठी काढलेली ही युक्ती आहे. बोलणाऱ्यांत शिकलेली माणसेही होती.

या कुजबुजीला इतिहास आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीचा मारा कोणावर झाला हे सांगावयास नको. ज्यांच्या चळवळीवरून १९७२ साली आपण पँथर हे नाव घेतले, त्या अमेरिकेतील काळ्या लोकांचाही अनुभव असाच आहे. टस्कगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे चारशे काळ्या पुरुषांचा गरमीचा रोग सरकारी डॉक्टरांनी नुसता पाहत ठेवला. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. लस शोधणाऱ्या हाफकिनवर ठपका आला आणि तो निर्दोष असल्याचे ठरावयास १९०७ साल उजाडले. तेव्हा अविश्वास हा वेडेपणा नव्हे. कट होतात. सत्ता खोटे बोलते. हे ज्याला ठाऊक नाही तो शोषितांचा इतिहास शिकलेलाच नाही.

पण येथेच थांबून एक भेद करावयास हवा. टस्कगीचे सत्य बाहेर आले ते कागद, तारखा, साक्षी यांच्या बळावर. ज्या संशयाला पुरावा हवा असतो तो संशय चळवळीचा मित्र. ज्या संशयाला प्रत्येक पुरावा कटाचाच भाग वाटतो, तो संशय म्हणजे पोतराजाशिवाय चालणारी मरीआई. शिवाय कटाच्या कहाणीत आणखी एक धोका आहे. कट लपलेला असतो. जात उघडी असते. वस्तीत नळ नाही, दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे, सफाई कामगाराला हातमोजे नाहीत, तालुक्याला प्राणवायूची सोय नाही, हे कोणी मध्यरात्री भेटून ठरवलेले नाही. ते अंदाजपत्रकात छापलेले असते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली आणि वीसहून अधिक रुग्ण गुदमरून गेले. तेथे देवीचा कोप नव्हता आणि परदेशी शत्रूही नव्हता. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. त्यांनाही कोणी कट करून मारले नाही. चालत घरी जाण्यावाचून त्यांना दुसरी वाट ठेवली नव्हती, एवढेच. कटाच्या मागे लागलेला माणूस अंदाजपत्रक वाचत नाही, आणि म्हणूनच तो व्यवस्थेला हवासा वाटतो.

आपल्या बाजूची अंधश्रद्धा तरी आपण चालवून घ्यावी काय? मघाशी सांगितलेल्या बिहारच्या भूकंपाच्या वेळचा प्रसंग येथे उपयोगी पडतो. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने ही शिक्षा दिली, असे गांधीजींनी जाहीरपणे म्हटले. वरकरणी हे म्हणणे आपल्या फायद्याचे. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला विरोध केला: अस्पृश्यता त्यांनाही अमान्य होती, पण भौतिक घटनेला नैतिक कारण चिकटवणे त्यांना मान्य नव्हते. मला टागोरांची बाजू पटते आणि ती आपल्या दृष्टीने अधिक हिताची वाटते. भूकंपात अस्पृश्यांचीही घरे पडली होती. निसर्ग न्याय करतो असे एकदा मानले, की आपल्यावर आलेले प्रत्येक संकट हाही न्यायच ठरतो. आणि हाच तर कर्मविपाकाचा सिद्धांत होय.

हीच कसोटी आपण स्वतःलाही लावावी. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आपण मरीआईचा त्याग केला. देव नदीत सोडले. साथीच्या काळात काही विहारांतून रतन सुत्ताचे पठण रोगनिवारणासाठी झाले. वैशालीत साथ आली असता या सुत्ताने ती हटली, अशी परंपरेची कथा आहे. दुःखात माणसे एकत्र बसून सुत्त म्हणतात, त्यातून धीर मिळतो, याला माझा आक्षेप नाही. सुत्ताला औषधाची जागा दिली, की आपण गाड्यावरची मूर्ती तेवढी बदलली असे होईल. विनयपिटकाच्या महावग्गात दुसरी एक कथा आहे. हगवणीने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणावयास सांगून त्याला स्वतः धुतले आणि रोग्याची सेवा हीच आपली सेवा असे संघाला बजावले. या दोन कथांपैकी कोणती आपल्या विहाराच्या भिंतीवर लिहावयाची, हे आपण ठरवावे. ६ डिसेंबर २०२० ला लाखो लोकांनी चैत्यभूमीला न जाता घरीच अभिवादन केले, तेव्हा त्यांनी एक उत्तर दिलेही होते.

६

साहित्याविषयी थोडे बोलून मी थांबतो. श्रद्धेच्या मानसशास्त्रावर मराठीत जे लिहिले गेले त्यात बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) मला फार मोलाचे वाटते. आषाढातील देवीची पूजा, पोतराज, अंगात येणे यांचे त्यांनी केलेले चित्रण कुठेही तुच्छतेचे नाही आणि कुठेही कौतुकाचे नाही. एरवी जिचा शब्द घरात कोणी झेलत नाही, त्या सासुरवाशिणीच्या अंगात देवी आली की सारा महारवाडा तिच्यापुढे वाकतो. श्रद्धा माणसाला काय देते, हे तेथे कळते: घटकाभराचा मान. आणि ती काय हिरावून घेते हेही कळते, कारण देवी उतरली की बाई पुन्हा उपाशी चुलीपुढे असते. बाबासाहेबांच्या विचाराने हा मान कायमचा मिळू शकतो हे उमगल्यावर देव्हारे रिकामे झाले. मला वाटते, अंधश्रद्धा निर्मूलनाचे सारे शास्त्र यात आहे. देव काढून घेतल्यावर माणसाच्या हातात काय ठेवणार, याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही त्याने दुसऱ्याच्या देव्हाऱ्याला हात लावू नये.

साथीनंतर आलेल्या प्रस्थापित कवितेत मात्र मला वेगळेच दिसले. हवा स्वच्छ झाली, मोर गच्चीवर आले, पृथ्वीने श्वास घेतला, म्हणून माणसाने आता अंतर्मुख व्हावे. निसर्गाने धडा शिकवला, हा या कवितेचा आवडता निष्कर्ष. हा धडा मोर पाहणाऱ्याला शिकवला गेला आणि त्याची फी करमाडच्या रुळांवर भरली गेली. ‘निसर्गाचा कोप’ हीदेखील मरीआईच होय. फक्त तिला शेंदूर नाही. याउलट, स्मशानात दिवसाला पन्नास-पन्नास प्रेते रचणारा, घराघरांतून रोग्याचा कचरा उचलणारा, टाळ्या ऐकून पुन्हा उघड्या हातांनी गटारात उतरणारा माणूस आपल्याही कथेत अजून पुरेसा आलेला नाही. तो यावयास हवा, आणि शहीद म्हणून नको. तो काय मानत होता, कोणाला घाबरत होता, लशीविषयी त्याच्या मनात काय होते, कोणावर त्याने संशय घेतला, हे सारे यावयास हवे. आपला माणूस नेहमी विवेकीच असतो असे दाखवण्याची गरज नाही. त्याच्या भीतीला कारण होते, एवढे दाखवले तरी पुरे.

कार्यकर्त्यांसाठी आणि शिक्षक मित्रांसाठी यातून निघणारे काम साधे आहे. पुढची साथ येईल तेव्हा अफवा सांगणाऱ्याला हसू नका. ही अफवा कोणत्या भीतीला उत्तर देते ते त्याला विचारा. मग तिचा रोख पाहा: ती कोणाला जाब विचारते आहे, की कोणाच्या दाराकडे निघाली आहे? पुरावा मागा, सरकारकडून आधी आणि आपल्या माणसाकडूनही. आणि हे सारे करताना वस्तीत एक दवाखाना, एक विश्वासाचा डॉक्टर, एक खरी बातमी सांगणारा फळा असेल, असे पाहा. गाडा थांबवणे याचा अर्थ एवढाच, की रोग शिवेबाहेर लोटावयाचा नाही. रोगी आत आणावयाचा. मुंढव्याच्या वाटेवर १८९७ साली एकीने हे करून दाखवले. तिच्या नावाने शाळा निघाल्या, विद्यापीठ निघाले. तिचा दवाखाना अजून आपल्या वस्त्यांत निघावयाचा आहे.